विश्लेषण : शिकारीचा ‘डिजिटल टॅग’ वाशिमच्या शेतात चालेल का?

अमेरिकेतील अनेक राज्यांत शिकारीचा परवाना आता मोबाईलमध्ये असतो. हरीण पडले की शिकारी तिथेच ॲपवर नोंद करतो. आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यात १९९१ मध्ये झालेली दुरुस्ती, यांनंतर हौसेखातर शिकार बंद झाली. पण पिकाचे नुकसान करणाऱ्या रोही आणि रानडुकराला परवानगी घेऊन मारता येते. त्या परवानगीला असा टॅग जोडता येईल, आणि तो जोडायला हवा. मात्र अमेरिकेतली पद्धत जशीच्या तशी उचलून भागणार नाही.

हा टॅग म्हणजे काय?

एक टॅग, एक जनावर, एवढा साधा हिशेब. ओरेगॉन राज्यात २०१९ पासून ही सोय आहे. टॅग वापरला की तो बाद होतो, त्यावर दुसरे जनावर दाखवता येत नाही. रेंज नसली तरी ॲपमध्ये नोंद होते. गंमत म्हणजे, एवढे करूनही मेलेल्या जनावराला हाताने लिहिलेली चिठ्ठी बांधावीच लागते. वाटेत कोणी अडवले तर जनावराजवळच पुरावा हवा, म्हणून.

वाशिमच्या शेतकऱ्याला यात नवल वाटण्याचे कारण नाही. त्याच्या बैलाच्या कानात १२ अंकी बिल्ला आहे आणि पेऱ्याची नोंद तो ई-पीक पाहणीत स्वतःच फोटो काढून करतो.

परवानगी असताना अडते कुठे?

कायद्याच्या कलम ११ नुसार, उभ्या पिकाला धोका ठरणारे अनुसूची २ मधील जनावर मारण्याची लेखी परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी देऊ शकतो. महाराष्ट्रात २०१५ च्या शासन निर्णयाने रोही आणि रानडुकरासाठी हे काम वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे आले आणि अर्जावर २४ तासांत निर्णय देण्याची अट आली. पण रोहीचा कळप अर्ज निघण्याची वाट बघत नाही. तूर फुलावर असताना एका रात्रीत धुऱ्यापासून धुऱ्यापर्यंत पीक तुडवले जाते. शिवाय जागलीला बसणाऱ्या बहुतेकांकडे बंदूकच नसते. अर्ज एकाचा, बंदूक दुसऱ्याची आणि पंचनामा तिसऱ्याचा, अशी गत होते.

नोंद ढिली राहिली की काय होते, हे शेजारच्या यवतमाळ जिल्ह्याने पाहिले आहे. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री ‘अवनी’ वाघीण मारली गेली. गोळी झाडणाऱ्याला तसा अधिकार होता का, बेशुद्धीचा डार्ट केव्हा लागला, यावर नंतर बराच वाद झाला. ते प्रकरण वाघिणीचे होते, म्हणून देशभर गाजले. रानडुकरासाठी एवढी चौकशी कोण करणार?

वाशिममध्ये आणखी एक पेच आहे. याच जिल्ह्यात कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्य आहे. काळवीटही पिकात शिरते, पण ते अनुसूची १ मध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षणात. अंधारात झाडलेली गोळी नेमकी कोणाला लागली, याला फोटो, वेळ आणि ठिकाण हाच उपाय.

मग टॅग कसा असावा?

अमेरिकेत टॅग लावून मांस घरी नेतात. इथे उलट हवे. कलम ३९ नुसार मारलेले जनावर सरकारी मालमत्ता ठरते. म्हणून पंचनामा होऊन विल्हेवाट लागल्याची नोंद पडेपर्यंत टॅग बंद होता कामा नये. नाहीतर परवानगीच्या आडून मांसाचा धंदा सुरू होईल. बंदूकधाऱ्याची ओळखही त्या टॅगवरच हवी. आणि ॲप रेंजशिवाय चालायला हवे. सर्व्हर डाऊन झाल्यावर काय होते, हे ई-पीक पाहणीच्या शेवटच्या दिवसांत सगळ्यांनी अनुभवले आहे.

सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे घड्याळ दोन्ही बाजूंनी चालले पाहिजे. केवळ शेतकऱ्याने काय मारले हे टिपणारा टॅग म्हणजे त्याच्यावर आणखी एक पाळत. अर्ज किती वाजता आला, कोणाच्या टेबलावर किती तास पडून राहिला, हेही त्याच पडद्यावर दिसायला हवे. कारण परवानगी रेंगाळली की काही जण कुंपणाच्या तारेत वीज सोडतात. ती तार रोही, वाघ की शेजारचा माणूस, हे बघत नाही. तसे मेलेले जनावर गुपचूप पुरले जाते आणि कोणत्याच आकड्यात येत नाही.

प्रयोग मोठा करण्याची गरज नाही. मानोरा किंवा कारंजा तालुक्यात एका खरीप हंगामापुरता तो करून बघता येईल. हंगाम संपल्यावर किती अर्ज २४ तासांत निघाले, हा आकडा वन विभागाने आधी जाहीर करावा. किती रोही मारले, हा त्यानंतर.