सरकत्या जिन्यावरचे क्रियापद

युद्धाच्या बातम्यांत आणि कचेरीतल्या ईमेलमध्ये सारखेच वावरणारे ‘एस्कलेट’ हे इंग्रजी क्रियापद भारदस्त वाटते, पण ते जन्मले सरकत्या जिन्यावर. लॅटिनमध्ये ‘स्काला’ म्हणजे शिडी; त्यावरूनच शिड्या लावून तटावर चढण्याला ‘एस्कलेड’ म्हणत. अमेरिकेतील चार्ल्स सीबर्गर यांनी आपल्या यांत्रिक जिन्याला ‘एस्कलेटर’ नाव दिले आणि १९०० मध्ये तो पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात झळकला. पुढे हे नाव लोकांच्या तोंडी इतके रुळले की १९५० मध्ये हे जिने बनवणाऱ्या ओटिस कंपनीचा त्यावरचा व्यापारचिन्हाचा हक्कच गेला. क्रियापद मागाहून निघाले आणि आरंभी त्याचा अर्थ एवढाच होता: सरकत्या जिन्याने जाणे. शीतयुद्धाने तो पालटला: संघर्ष पायरीपायरीने वाढत जाणे. मर्यादित चकमक अणुयुद्धापर्यंत कशी पोहोचेल, या चिंतेत असलेल्यांना हा शब्द नेमका सापडला. अणुयुद्धाचे अमेरिकन अभ्यासक हर्मन कान यांनी तर १९६५ मध्ये अशा संघर्षाची ४४ पायऱ्यांची शिडीच पुस्तकात मांडली. मला मात्र शिडीपेक्षा यंत्राचे चित्र अधिक खरे आणि अधिक भयंकर वाटते. शिडीवर प्रत्येक पायरीला पाय उचलावा लागतो, म्हणून थांबण्याचा विचार तरी करता येतो. सरकत्या जिन्यावर माणूस नुसता उभा राहिला तरी वर जातो. व्हिएतनाम युद्धात असेच झाले: तेथे १९६५ च्या आरंभी अमेरिकेचे सुमारे २३ हजार सैनिक होते. १९६८ मध्ये ते ५ लाखांवर गेले, आणि ही वाढ टप्प्याटप्प्यानेच होत गेली.