जुना आराखडा ‘सुधारू’ नका, आधी वाचा

१/
१९३० च्या दशकात मध्यमलहरींच्या रेडिओला जोडून दूरदेशीची केंद्रे ऐकवणारी एक छोटी पेटी असे : शॉर्टवेव्ह कन्व्हर्टर. हौशी मंडळी मासिकातील आकृती पाहून ती घरीच बांधत. आज त्याच आकृतीवरून ती बांधू पाहणारा अडखळतो, तो बहुधा भागांची मूल्ये वाचताना.

२/
मित्रहो, या पेटीचे गणित साधे आहे. ९,५०० किलोसायकल्सचे केंद्र रेडिओवर १,००० वर ऐकायचे, तर पेटीतील ऑसिलेटर १०,५०० वर हवा. दोहोंतील फरक रेडिओ पकडतो. ऑसिलेटरची वारंवारता कॉइल आणि कंडेन्सर ठरवतात.

३/
कंडेन्सरपाशी ‘एमएमएफ’ लिहिलेले असते. म्हणजे मायक्रोमायक्रोफॅरड, आजचा पिकोफॅरड. एक ‘मायक्रो’ नजरेतून सुटला की मूल्य दहा लाख पट वाढते आणि वारंवारता हजारपट घसरते. १०,५०० च्या जागी उरतात अवघे साडेदहा किलोसायकल्स!

४/
जुन्या अमेरिकी आकृत्यांत रेझिस्टरपुढचा ‘एम’ अनेकदा रोमन अंकातला, म्हणजे हजार. ‘१०० एम’ म्हणजे १ लाख ओहम. आजचा वाचक ‘मेगा’ समजून १० कोटी वाचतो.

५/
रंगांचीही तीच गत. त्या काळी रेझिस्टरच्या अंगाचा रंग पहिला अंक, टोकाचा दुसरा आणि ठिपका शून्यांची संख्या सांगे. हिरवे अंग, काळे टोक, नारिंगी ठिपका : ५०,००० ओहम. आजच्या सवयीने टोकापासून वाचल्यास हाती येतात ५,०००.

६/
जुन्या जर्मन आकृत्यांत धारिता चक्क सेंटिमीटरमध्ये आढळते. १ सेंटिमीटर म्हणजे सुमारे १.११ पिकोफॅरड. ब्रिटिश नौदलाचे एकक होते ‘जार’, लेडन जारच्या नावावरून आलेले. १ जार म्हणजे सुमारे १,१११ पिकोफॅरड.

७/
आता माझा मुद्दा. अशा आकृत्या पुन्हा छापताना मूळ एकके पुसून आधुनिक मूल्ये मुकाट्याने भरणे, ही मदत वाटली तरी पुराव्याची मोडतोड आहे. ‘सेंटिमीटर’ वा ‘जार’ हा शब्दच आकृतीचे कूळ सांगतो. शिवाय संपादकाने ‘एम’ चुकीचा वाचला असेल, तर ती चूक पकडायला मूळ काहीच उरत नाही.

८/
मोडी कागदावरचा फसली सन खोडून कोणी इसवी सन लिहिला, तर आपण त्याला क्षमा करू का? फसलीत सुमारे ५९० मिळवून इसवी सन काढावा, पण तो कंसात द्यावा. मूळ अक्षर जसेच्या तसे राहू द्यावे.

९/
बांधणाऱ्याला आजचे मूल्य हवेच, हे मान्य. ते शेजारी लिहा, आणि ते कसे काढले तेही लिहा. रेडिओची आकृती हाही इतिहासाचा कागद आहे. तो वाचायचा तर त्याची लिपी शिकावी लागते. ती शिकल्यावर पेटीही बोलू लागते.