'थँकिंग यू' : एका अपुऱ्या वाक्याची शिकवणी

शाळेत इंग्रजी अर्जलेखन शिकलेला मराठी माणूस एक गोष्ट जन्मभर विसरत नाही. मजकूर संपला की 'थँकिंग यू' आणि त्याखाली 'युवर्स फेथफुली'. रजेचा अर्ज असो, फीमाफीची विनंती असो वा नळाला पाणी येत नसल्याची तक्रार असो, शेवट ठरलेला. हे वाक्यच नाही, हे मात्र वर्गात कोणी सांगत नाही. जुन्या इंग्रजी पत्रांत ते पूर्ण असे : 'थँकिंग यू, आय रिमेन, युवर्स फेथफुली', म्हणजे आपले आभार मानून मी आपला विश्वासू राहतो. पुढे 'आय रिमेन' गळाले. कर्ता गेला, क्रियापद गेले आणि एक लोंबकळते धातुसाधित तेवढे उरले. कोण आभार मानतो आहे हे त्यात नाही, कशाबद्दल मानतो आहे हेही नाही. आमच्या इंग्रजी अध्यापनाने कृतज्ञतेची जी गत केली आहे, तिचे याहून नेमके चित्र आम्हांस सुचत नाही.

'अचूक इंग्रजीत आभार कसे मानावेत' हा विषय आज स्पोकन इंग्लिशच्या वर्गांपासून महाविद्यालयीन संभाषणकौशल्याच्या तासांपर्यंत सर्वत्र शिकवला जातो, आणि तो चुकांच्या याद्यांवर चालतो. या याद्या खोट्या नाहीत. 'आय थँक टू यू' चूक, कारण इंग्रजीत हे क्रियापद थेट कर्म घेते. आपण 'तुम्हांला धन्यवाद देतो'; त्यातला 'ला' इंग्रजीत 'टू' होऊन घुसतो. 'ग्रेटफुल'नंतर व्यक्तीसाठी 'टू' आणि गोष्टीसाठी 'फॉर'. 'थँक यू फॉर हेल्पिंग मी' बरोबर, 'फॉर टू हेल्प' चूक. 'थँक्स गॉड' नव्हे, 'थँक गॉड'. 'थँक्स टू यू' जपून वापरावे, कारण त्याचा अर्थ 'तुमच्यामुळे' असाही होतो, आणि 'तुमच्या कृपेने गाडी चुकली' यातली तिरकस कृपा इंग्रजीतही तशीच चालते. 'मेन्शन नॉट' हे 'डोन्ट मेन्शन इट'चे उलटे टांगलेले रूप आहे. झाले. हा सारा पाठ एका तासिकेत आटोपतो. आमचा वाद पुढच्या गोष्टीशी आहे : एवढे आले म्हणजे आभार मानता आले, या समजाशी.

मिरियम आयझेनस्टीन आणि जीन बॉडमन यांनी 1986 साली 'ॲप्लाइड लिंग्विस्टिक्स' या नियतकालिकात नेमक्या याच प्रश्नावर निबंध लिहिला. त्याचे शीर्षकच 'आय व्हेरी ॲप्रिशिएट' या परभाषक चुकीवरून घेतलेले आहे. इंग्रजीवर चांगली पकड असलेल्या परभाषकांनाही कृतज्ञता पुरेशी व्यक्त करणे जड जाते, हे त्यांना आढळले. मातृभाषक 'थँक यू' म्हणून थांबत नाहीत. ते आश्चर्य दाखवतात, वस्तूची वा कृतीची वाखाणणी करतात, तिचा आपल्याला काय उपयोग झाला ते सांगतात. आभार हे त्यांच्याकडे अनेक लहान उक्तींचे मिळून बनते. गंमत अशी, की हे मराठी माणसाला मुळीच परके नाही. पाहुण्याने आणलेली भेट हाती घेताना आपण 'धन्यवाद' कुठे म्हणतो? 'अहो, एवढा कशाला त्रास घेतलात!' म्हणतो. इंग्रज 'यू शुडन्ट हॅव' म्हणतो ते हेच. जेवून उठताना 'अन्नदाता सुखी भव' म्हणणारा आणि गोव्यात 'देव बरें करूं' म्हणणारा, दोघेही 'आभार' हा शब्द न उच्चारता आभारच मानत असतात. विद्यार्थ्याला त्याच्या घरातली ही रीत आठवून दिली असती, तर त्याचे इंग्रजी आभार आपोआप मोकळे झाले असते. त्याऐवजी आपण त्याला 'थँकिंग यू इन ॲंटिसिपेशन' शिकवले.

या शेवटच्या प्रयोगाकडे साहित्याच्या आणि भाषेच्या अभ्यासकांनी तरी नीट पाहावे. जॉन सर्ल यांनी 'स्पीच ॲक्ट्स' (1969) या ग्रंथात आभार मानण्याच्या अटी मांडल्या. ऐकणाऱ्याने काही केलेले असले पाहिजे, ते बोलणाऱ्याच्या हिताचे असले पाहिजे आणि बोलणाऱ्याला त्याची जाणीव असली पाहिजे. काम होण्याआधीच मानलेले आभार पहिल्याच अटीवर कोसळतात. ते आभार नव्हेतच. नम्रतेच्या वेषातला तगादा आहे. ही अटींची चौकट एम. ए.च्या वर्गात फळ्यावर लिहायची आणि त्याच दिवशी विद्यार्थ्याच्या अर्जातले 'इन ॲंटिसिपेशन' बरोबरची खूण करून परत द्यायचे, हा उद्योग आपण वर्षानुवर्षे करीत आलो आहोत.

आता दुसऱ्या बाजूकडे वळू. या बाजूचे लोक म्हणतात की उठताबसता 'थँक्यू' ही पाश्चात्त्यांची औपचारिकता; आपल्या संस्कृतीत कृतज्ञता मनात असते, तिचा उच्चार करीत नाहीत. यातला अर्धा भाग खरा आहे, आणि म्हणूनच तो फसवा आहे. सिमियन फ्लॉइड आणि सहकाऱ्यांनी 2018 साली 'रॉयल सोसायटी ओपन सायन्स'मध्ये आठ भाषांमधल्या घरगुती व ओळखीच्या लोकांतल्या संभाषणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मीठ दे, दार लाव अशा लहानसहान मदतीनंतर शब्दांनी आभार मानले गेले ते सरासरीने सुमारे साडेपाच टक्के प्रसंगीच. इंग्रजीत हे प्रमाण अधिक, तरी ते सात प्रसंगांत एक एवढेच. एक्वादोरमधल्या चापाला भाषेत तर या प्रसंगांत आभाराचा उच्चार मुळीच आढळला नाही. म्हणजे आपल्या माणसांत आभार न मानणे ही भारतीय संस्कृतीची मिरास नव्हे, आणि इंग्रज घरातही दर घासाला 'थँक्यू' म्हणत नाही. जवळच्या माणसांत मदत गृहीत असते, एवढाच याचा अर्थ.

पण 'आपल्यात आभार मानत नाहीत' हे वाक्य आपण फक्त घरात म्हणतो काय? चहाचा पेला टेबलावर ठेवणारा शिपाई, जिना झाडणाऱ्या बाई, पावसात उभा असलेला रखवालदार, यांच्यापुढेही आपण गप्पच असतो. तिथले मौन जवळिकीचे नसते. आईला धन्यवाद न म्हणणे आणि झाडूवाल्या बाईंना न म्हणणे यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे, आणि संस्कृतीचे नाव घेऊन ते झाकले जाते. जो प्राध्यापक शिपायाला नजरही देत नाही, तोच संस्थाचालकांच्या पत्रात 'आय शॅल रिमेन एव्हर ग्रेटफुल टू युवर गुड सेल्फ' लिहितो. तेव्हा मात्र त्याला उच्चाराचे वावडे नसते. आमच्याकडे आभार वर चढतात, खाली उतरत नाहीत. ब्रिटनमधल्या अनेक गावांत बसमधून उतरताना लोक चालकाला 'थँक यू' म्हणतात. तिथे वर्गभेद नाही असा भाबडेपणा आम्ही करणार नाही. पण ज्या भाषेत हा शब्द सर्व दिशांना जातो, ती भाषा शिकवताना आपण त्याची एकच दिशा शिकवली.

याचा पुरावा पाहायचा तर कोणत्याही विद्यापीठाच्या ग्रंथालयात इंग्रजी प्रबंधांची ऋणनिर्देशाची पाने उलटावीत. मार्गदर्शकांच्या 'व्हॅल्युएबल गायडन्स'वाचून कोणताच प्रबंध उजेडात आलेला नसतो. क्रमही ठरलेला : मार्गदर्शक, विभागप्रमुख, प्राचार्य, व्यवस्थापन, आईवडील, सहचर. व्याकरणाची चूक सापडणे कठीण, कारण एकाची वाक्ये दुसऱ्याने उतरवलेली असतात.

इतरांकडे बोट दाखवण्याआधी स्वतःचे सांगितले पाहिजे. आमच्या एका विद्यार्थिनीने जुन्या नियतकालिकांवर काम केले. ग्रंथालयातले एक सेवक तीन महिने रोज तळघरातून तिच्यासाठी बांधीव खंड वर आणून देत, धूळ झटकून, पाने जपून. ऋणनिर्देशाचा मसुदा दाखवताना तिने विचारले, "सर, त्यांचं नाव कुठे घालायचं?" आम्ही म्हणालो, "तशी पद्धत नाही. 'लायब्ररी स्टाफ' लिही, पुरे." तोंडी परीक्षेत बहिस्थ परीक्षकांनी त्या पानाच्या इंग्रजीची तारीफ केली. त्या वेळी ते सेवक दाराशी चहाचे कप घेऊन उभे होते. विद्यार्थिनीचे इंग्रजी निर्दोष होते आणि चूक आमची होती. ती कोणत्याही लाल शाईने दुरुस्त होणारी नव्हती.

इंग्रजीतला 'थँक' आणि 'थिंक' हे एकाच मुळातून आलेले शब्द आहेत. प्राचीन इंग्रजीत त्या नामाचा एक अर्थ 'विचार' असाच होता. आपला 'कृतज्ञ' शब्दही तेच मागतो : केलेले जाणणारा. दोन्ही भाषा एकच अट घालतात. कोणी केले आणि काय केले, हे आधी ठाऊक हवे. 'थँक यू फॉर' यातल्या 'फॉर'नंतरची जागा याच जाणिवेसाठी आहे, आणि ती जागा भरण्याची सवय लावणे हे व्याकरणाच्या शिक्षकाचेच काम आहे. 'थँकिंग यू'नंतर आपण फक्त स्वल्पविराम शिकवला. पुढच्या प्रबंधात त्या सेवकांचे नाव यावे, त्यांनी काय केले ते एका साध्या वाक्यात यावे. मग त्या वाक्यात एखादे 'टू' चुकले, तरी आम्ही ते खुशाल सोडून देऊ.