सफरचंदाचा शिरका आणि आपले शुक्त

सफरचंदाचा शिरका आपल्या शास्त्रास सर्वथा अपरिचित नाही; फळे आंबवून सिद्ध होणाऱ्या शुक्ताच्या वर्गातच तो बसतो. वाग्भटाचार्यांनी शुक्त रुचिकर व वातानुलोमक, परंतु अतिउष्ण, तीक्ष्ण आणि रक्तपित्तकर सांगितले आहे. तरीही ‘चरबी झडते’ या जाहिरातीवर विसंबून अम्लपित्ताचे रुग्णही तो उपाशीपोटी घेतात. लेबनॉनमधील ज्या अभ्यासाचा (२०२४) त्यासाठी दाखला दिला जाई, तो आकडेवारीतील दोषांमुळे नियतकालिकाने २०२५ मध्ये मागे घेतला. औषधविक्रेत्या बंधूंनी बाटली देताना अम्लपित्त, व्रण आणि मधुमेहावरील चालू औषधे यांची चौकशी करावी. शिरका भरपूर पाण्यात मिसळून, भोजनासोबतच घेण्यास सांगावे. प्रकृती न पाहता दिलेले शुक्त ही चिकित्सा नव्हे, केवळ विक्री होय.