मैत्रीचा उंबरठा

शाळेतली मैत्री आयुष्यभर टिकते, असे विधान स्मरणिकांच्या पानांवर नेहमी आढळते. परंतु मैत्री टिकली म्हणजे नेमके काय टिकले, याचा विचार क्वचितच होतो. वर्गमित्रांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर रोज ‘सुप्रभात’ येते, दोन-तीन वर्षांतून एकदा स्नेहमेळावा भरतो, जुन्या गुरुजींच्या लकबी आठवून सारे हसतात आणि एक समूहछायाचित्र निघते. हे सारे आनंदाचे आहे. त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. तथापि इतिहासाचा विद्यार्थी या नात्याने मला मैत्रीची कसोटी वेगळ्या जागी दिसते. मित्राच्या घराचे दार आपल्यासाठी उघडते का, आणि आपल्या पश्चात ते आपल्या कुटुंबासाठी उघडे राहते का, ही ती कसोटी होय.

1917 साली परदेशातील उच्च शिक्षण घेऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. राहावयास जागा मिळेना म्हणून ते एका पारशी वसतिगृहात उतरले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तेथून बाहेर काढले. त्या शहरात त्यांचे दोन स्नेही होते. एक हिंदू, दुसरा ख्रिस्ती. दोघांकडेही त्यांनी आसरा मागितला. हिंदू मित्राला मनापासून वाईट वाटले. पण तुम्ही माझ्या घरी आलात तर माझे नोकर निघून जातील, असे तो म्हणाला. ख्रिस्ती मित्राने पत्नी उद्या येणार आहे, तिला विचारावे लागेल, असे सांगितले. मूळच्या ब्राह्मण घराण्यातील त्या बाई जुन्या आचाराच्या होत्या आणि त्यांची संमती मिळणे शक्य नव्हते, हे बाबासाहेबांना नंतर कळले. अखेर मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते सार्वजनिक बागेत बसून राहिले.

हा प्रसंग आपण अस्पृश्यतेचा दाखला म्हणून अनेकदा सांगतो, आणि तो तसा आहेच. परंतु मैत्रीविषयीही तो काही शिकवतो. ते दोघे मित्र दुष्ट नव्हते. हिंदू मित्राला तर बाबासाहेबांनी स्वतःच थोर मनाचा म्हटले आहे. उणीव इतकीच होती की त्यांची मैत्री दोन पुरुषांपुरती होती. ती उंबरठा ओलांडून घरात गेली नव्हती. मग निर्णयाची वेळ आली तेव्हा तो निर्णय, मैत्रीत ज्यांना कधी सामीलच करून घेतले नव्हते, अशा घरातल्या माणसांवर सोपवला गेला.

याच काळात मैत्रीचे दुसरे रूपही दिसते. कोलंबिया विद्यापीठाच्या वसतिगृहात बाबासाहेबांसोबत राहणारे नवल भथेना हे पारशी गृहस्थ त्यांचे जन्माचे मित्र झाले. 1920 साली अपुरा अभ्यास पूर्ण करण्यासाठी बाबासाहेब लंडनला निघाले, तेव्हा गाठीची शिल्लक आणि राजर्षी शाहू महाराजांचे साहाय्य यांच्या जोडीला भथेनांनी कर्जाऊ दिलेले पाच हजार रुपये होते. ज्या समाजाच्या वसतिगृहातून तीन वर्षांपूर्वी त्यांना हाकलले गेले, त्याच समाजातला हा मित्र होता. एका छताखाली काढलेल्या दिवसांची ताकद केवढी असते, हे यावरून समजते.

महाराष्ट्रातील वसतिगृहांच्या इतिहासात हे छत खऱ्या अर्थाने घराचे झाले ते साताऱ्यात. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 साली तेथे सर्व जातींच्या मुलांसाठी एकच वसतिगृह चालवावयास घेतले. त्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने आणि अखेर मंगळसूत्रही दिले. बडोद्यात जो दरवाजा एका गृहिणीच्या नकाराच्या भीतीने बंद राहिला, तोच साताऱ्यात एका गृहिणीने सताड उघडला. घरातील स्त्री मैत्रीत सहभागी असेल तर काय होऊ शकते, याचा याहून स्पष्ट पुरावा शोधण्याची गरज नाही.

आता आपल्याकडे पाहू. आपल्या वर्गांत पाजपंढरीतील कोळी कुटुंबातली मुलगी, बंदरावरच्या मुसलमान नौकामालकाचा मुलगा, आसूदच्या कुणब्याचा मुलगा आणि आसपासच्या बौद्धवाड्यांतली मुले एका बाकावर बसली. वसतिगृहातील मुलांनी तर वर्षानुवर्षे एकाच भांड्यातला भात खाल्ला. दहावीनंतर वाटा फुटल्या. कोणी होडीवर गेले, कोणी मुंबईला चाकरमानी झाले, मुली लग्न होऊन सासरी गेल्या. बाकावरची समता घरापर्यंत किती पोहोचली, याचे उत्तर प्रत्येकाने आपल्या घरापुरते द्यावे. मुंबई-पुण्यात भाड्याने जागा पाहताना आजही आडनाव विचारले जाते. अशा शहरात शिकावयास गेलेल्या वर्गमित्राच्या मुलीला पहिले पंधरा दिवस आपल्या घरी हक्काने राहता येते का? येत असेल तर ती मैत्री टिकली असे मी म्हणेन.

मुलींचा प्रश्न अधिक गंभीर आहे. माजी विद्यार्थ्यांच्या याद्यांतून त्या सर्वांत आधी गळतात. लग्नानंतर नाव बदलते, गाव बदलते आणि मग ‘तिचा पत्ता लागत नाही’ एवढ्यावर विषय संपतो. आपल्याच दापोली तालुक्यातील वणंद हे रमाईंचे माहेर. ते गाव आजही त्यांना आपली लेक मानते. गावाला जे जमते ते शाळेला जमू नये काय? शाळा हेही मुलीचे एक माहेरच असते.

मैत्रीची शेवटची परीक्षा मृत्यूनंतर होते. वर्गमित्र गेल्याची बातमी गटावर येते, हात जोडलेल्या चिन्हांची रांग लागते आणि दुसऱ्या दिवशी नेहमीचे संदेश सुरू होतात. इकडे त्याच्या पत्नीला बँक, विमा, वारसाचा दाखला यांसाठी एकटीने खेटे घालावे लागतात. त्या गटात वकील असतो, बँकेतला कर्मचारी असतो, तलाठी असतो. पण तिला त्यांतले कोणीच ओळखत नाही. दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात मित्राची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. बेसावध मित्राला सांभाळावे, त्याच्या मालमत्तेचे रक्षण करावे, भयात आधार द्यावा, संकटात साथ सोडू नये आणि पाचवे, त्याच्या घरच्या माणसांचा मान राखावा. पहिल्या चार कर्तव्यांना मित्राच्या हयातीची मर्यादा आहे; पाचव्याला ती नाही.

मैत्री ही खाजगी गोष्ट आहे, तीत घरच्यांना ओढले की मोकळेपणा जातो, असा आक्षेप काही जण घेतील. जुन्या सवंगड्यांनी एकमेकांना अरे-तुरे करीत घालवलेली संध्याकाळ कोणी हिरावून घेऊ नये, हे मान्य. परंतु केवळ त्या संध्याकाळीपुरती उरलेली मैत्री ही आठवणींची सोबत होय. अडीअडचणीला तिचा उपयोग होत नाही.

म्हणून माजी विद्यार्थ्यांपुढे तीन सूचना नम्रपणे ठेवतो. पहिली, यादीत प्रत्येक विद्यार्थिनीचे नाव माहेरच्या नावाने नोंदवावे आणि तिच्यापुढे सध्याचे नाव व गाव लिहावे. दुसरी, प्रत्येक नोंदीत घरातील आणखी एका व्यक्तीचे नाव व संपर्क असावा. तिसरी, मेळाव्याची वेळ बदलावी. मे महिना चाकरमान्यांच्या सोयीचा असतो, पण तेव्हा होड्यांवरचे वर्गमित्र समुद्रात आणि मासळी विकणाऱ्या मैत्रिणी बंदरावरच्या लिलावात गुंतलेल्या असतात. 1 जून ते 31 जुलै यांत्रिकी मासेमारी बंद असते. जूनच्या पहिल्या आठवड्यात होड्या किनाऱ्याला लागलेल्या असतात, भाताची लावणी सुरू झालेली नसते आणि मुंबईकरांच्या मुलांची सुट्टीही उरलेली असते. त्या आठवड्यातील एका रविवारी सर्वांनी सहकुटुंब यावे. जे वर्गमित्र आज हयात नाहीत, त्यांच्या घरी पहिले निमंत्रण जावे, आणि ते द्यायला कोणीतरी स्वतः जावे.