गंधकाम्ल आणि घरचीं दप्तरें

जुन्या दप्तराचा रुमाल सोडला कीं एक चमत्कार दिसतो. दोनशे वर्षांपूर्वीची मोडी चिठी निर्धास्त उलगडावी, आणि वडिलांच्या वेळच्या छापील मासिकाचें पान मात्र बोट लागतांच तुटावें ! याचें मुख्य कारण वाळवी नव्हे, गंधकाम्ल होय.

हें आम्ल कसें तयार होतें तें प्रथम पाहूं. गंधक हवेंत जाळला म्हणजे उग्र वासाचा वायु निघतो. तो हवेबरोबर सुमारें ४५० अंश उष्णमानावर व्हॅनेडियमच्या भस्मावरून नेला असतां त्यास आणखी प्राणवायु मिळतो. हा नवा वायु तीव्र गंधकाम्लांतच शोषवितात. तयार आम्ल तेलासारखें दाट, पाण्याच्या पावणेदोनपटीहून जड, आणि पाण्याचें विलक्षण लोभी असतें. साखरेंतील पाण्याचा अंश ओढून घेऊन मागें नुसता कोळसा ठेवतें. आम्लांत पाणी ओतूं नये, पाण्यांत आम्ल थेंबथेंब सोडावें, हा नियम आम्ही विद्यार्थ्यांकडून पुन्हःपुन्हां घोकवून घेत असूं.

आतां तें कागदांत आलें कोठून ? जुन्नरचे कागदी चिंध्या व जुनीं पोतीं चुन्याच्या पाण्यांत भिजवून लगदा करीत, आणि कागदास खळ लावून तो घोटीत. चुन्याचा अंश कागदांत राही, व चुना हा आम्लाचा वैरी. पुढें १८०७ सालीं जर्मनींत इलिग यानें राळ आणि तुरटी घालून शाई न फुटणारा कागद करण्याची रीत प्रसिद्ध केली. ती यंत्राच्या कागदास सोयीची म्हणून सर्वत्र पसरली. तुरटीच्या जातीच्या या क्षारापासून दमट हवेंत किंचित् गंधकाम्ल सुटत राहतें. तें कागदाचे तंतु तोडतें, पण स्वतः खर्चीं पडत नाहीं. म्हणून त्याचें काम थांबतहि नाहीं.

भीमाशंकराकडील पावसाळी हवेंत ही झीज अधिकच. मूळ आंबेगांव तर डिंभे धरणाच्या पाण्याखालीं गेलें. तेथून उठलेल्या कांहीं घरांत गांवाची खूण म्हणून कागदच उरले असतील. ते जपण्यास फार खटाटोप नको. रुमाल धुतलेल्या, बिनखळीच्या सुती कापडाचा असावा व कोरड्या जागीं ठेवावा. जुने कागद वृत्तपत्रांत गुंडाळूं नयेत, कारण त्यांतील आम्ल शेजारीं उतरतें. चिकटपट्टी लावूं नये. ज्या पानाचे कोपरे मोडूं लागले, त्याची नक्कल अथवा छायाचित्र आधीं घ्यावें. तुटलेले तंतु पुन्हां जुळत नाहींत. पावसाळ्यापूर्वीं घरांतील एकानें तरी हें काम अंगावर घ्यावें, इतकीच आमची विनंति.