धातू जळत नाही, केवळ जागा बदलतो

भोपाळच्या युनियन कार्बाइड आवारातील 337 टन घातक कचरा जानेवारी 2025 मध्ये बारा कंटेनरांतून पीथमपूरला नेण्यात आला आणि जूनअखेर तो जाळून संपला. हिशेब मात्र संपलेला नाही. चुना व इतर द्रव्ये मिसळून जाळलेल्या या कचऱ्याची राखच आठशे टनांहून अधिक भरली. कीटकनाशकांतील सेंद्रिय विषे उष्णतेने मोडतात. पारा, शिसे, क्रोमियम ही मूलद्रव्ये मोडत नाहीत. ती धुरात, राखेत किंवा पाण्यात जातात.

शहराच्या दुसऱ्या टोकाच्या नेहरू नगरातून हा प्रश्न दूरचा वाटू शकतो. कारखान्याभोवतालच्या वस्त्यांना मात्र शुद्ध पाणी मिळावे यासाठी 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला. विष एकदा भूजलात उतरले की रहिवाशांच्या हाती पाण्याचा स्रोत बदलण्यापलीकडे फारसे काही उरत नाही. त्यामुळे जड धातू अडवण्याची खरी जागा कारखान्याच्या आतच आहे.

तेथे विद्युत-रासायनिक पद्धती उपयोगी पडतात आणि त्यांचे मुख्य प्रकार दोन. पहिल्यात सांडपाण्यात लोखंडाच्या वा ॲल्युमिनियमच्या पट्ट्या बुडवून एकदिश विद्युतप्रवाह सोडतात. पट्टी झिजते, तिच्यातून सुटलेल्या आयनांभोवती धातू गोळा होऊन गाळ बनतो. लोखंडी पट्टी वापरल्यास विषारी षट्संयुजी क्रोमियमचे त्रिसंयुजी क्रोमियम होऊन तेही खाली बसते. दुसऱ्या प्रकारात धातू थेट ऋणाग्रावर जमतो. तांबे, निकेल, चांदी पुन्हा वापरता येते. फॅरेडेच्या नियमानुसार एक किलो तांबे जमवण्यास सुमारे 844 अँपिअर-तास लागतात. अडीच व्होल्ट दाब आणि पूर्ण कार्यक्षमता गृहीत धरली, तर ही वीज दोन युनिटच्या आसपास भरते.

मग ही पद्धत सर्वत्र का नाही? कारण हा हिशेब दाट द्रावणाचा आहे. धुण्याचे पाणी मिसळून सांडपाणी पातळ झाले, की बरीचशी वीज धातूऐवजी पाण्याचे विघटन करण्यातच खर्ची पडते. पहिला प्रकार पातळ पाण्यातही चालतो. परंतु त्याचा गाळ घातक कचराच ठरतो. पाणी स्वच्छ झाले म्हणजे धातू नाहीसा झाला असे नव्हे.

आपल्या कायद्याची त्रुटीही येथेच दिसते. सर्वसाधारण मानकांनुसार नदी-नाल्यांत सोडायच्या पाण्यात षट्संयुजी क्रोमियम लिटरमागे 0.1 मिलिग्रॅम आणि पारा 0.01 मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावा. ही मर्यादा प्रमाणाची आहे, एकूण वजनाची नव्हे. पाणी वाढवले की आकडा उतरतो. निसर्गात जाणारे किलो तेवढेच राहतात. गाळासाठी 2016 चे घातक कचरा नियम आहेत, साठवणुकीची सर्वसाधारण मुदतही 90 दिवसांची आहे. तरीही दोन्ही नोंदी एकमेकींशी ताडून पाहिल्या नाहीत, तर पळवाट खुली राहते.

गोव्याला हा धडा परका नाही. कुंकळ्ळी औद्योगिक वसाहतीत बंद पडलेल्या सनराइज झिंक कारखान्याचा घातक कचरा वर्षानुवर्षे पडून राहिला. मालक गेला, माल गेला. धातू गावाच्या वाट्याला आला. लहान राज्यात असा कचरा गाडण्यासाठी मोकळी, लोकवस्तीपासून दूर आणि विहिरींना धोका न पोहोचवणारी जमीन फारशी उरलेली नाही.

म्हणून विद्युतविलेपन व धातुप्रक्रिया करणाऱ्या कारखान्यांना परवाना देताना केवळ प्रक्रिया यंत्रणा आहे का, एवढे विचारून भागणार नाही. किती किलो धातू आत आला, किती मालावर चढला, किती परत मिळवला आणि किती गाळात गेला, हा ताळेबंद दरवर्षी मागितला पाहिजे. दाट द्रावण धुण्याच्या पाण्यापासून वेगळे ठेवण्याची अटही हवी. लहान उद्योजकांना स्वतंत्र यंत्रणा परवडत नसेल, तर वसाहतीत सामायिक पुनर्प्राप्ती केंद्र उभारता येईल. त्याचा खर्च आज कोणी उचलायचा, यावर वाद होईल. मात्र तो टाळला, तर पुढे तोच खर्च अनेक पटींनी वाढून सार्वजनिक तिजोरीवर पडतो, हे भोपाळने चाळीस वर्षांत दाखवून दिले आहे.